छत्तीस तुकडे, तीन ढीग

कोल्हापुरात पंचगंगेच्या पुलापलीकडे जे एक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्याच्या तळमजल्यावरील प्रयोगशाळेत शंभर टन ताकदीचे एक जुने यंत्र उभे आहे. एखादी वस्तू किती भार सोसते आणि कोणत्या क्षणी हार मानते, हे सांगणे एवढेच त्याचे जीवितकार्य होय. सिमेंटचे ठोकळे, लोखंडाच्या सळ्या, विटा, फरशा अशा सहस्रावधी वस्तूंनी त्याच्या जबड्यात प्राण सोडला होता. आणि त्या प्रत्येक वेळी यंत्राची चकती ज्या हाताने फिरवली, तो हात आकाराम चौगुले या परिचराचा होता. आकारामाचे शिक्षण नववीपर्यंत झालेले, नोकरी मात्र अठ्ठावीस वर्षांची. विद्यार्थी आणि प्राध्यापक त्याला मामा म्हणत, आणि तो स्वतः त्या यंत्राला 'म्हातारा' म्हणत असे.

या म्हाताऱ्यासमोर गेल्या पावसाळ्यात प्रथमच एक निराळा पाहुणा आला. तो म्हणजे बांबू. त्याला घेऊन येणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम मूळच्या कोडोलीच्या. त्या दुसऱ्या एका महाविद्यालयात शिकवीत असत आणि अभ्यासरजा घेऊन येथे संशोधनासाठी आल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे की, सिमेंट करायचे तर डोंगर फोडावा लागतो आणि भट्टी पेटवावी लागते. बांबू मात्र माळावर आपोआप उगवतो आणि तीन-चार वर्षांत खांब म्हणून उभा राहू शकतो. मग त्याच्या शाळा, त्याची घरे, त्याचे पूल आपण का बांधू नयेत? अडचण एकच होती. सळीवर कारखाना आपला शिक्का मारतो. बांबूवर तसा शिक्का कोण मारणार? बांबूचे वय कळले म्हणजे त्याचे बळही कळेल, या समजुतीने मॅडमनी शाहूवाडीतल्या बांबूच्या एका बेटातून एक, दोन आणि चार वर्षे वयाचे बांबू आणले होते. त्या बेटाचा मालक दरवर्षी नव्या कोंबांना बुंध्याशी वेगळ्या रंगाचा पट्टा मारून ठेवी, म्हणून वय निश्चित ठाऊक होते. प्रत्येक वयाचे बारा, असे एकूण छत्तीस तुकडे कापून, त्यांवर वय ओळखण्यासाठी काळ्या मार्करने आकडे घालून ते तीन महिने प्रयोगशाळेच्या खिडकीखाली वाळत ठेवले होते. दसऱ्याची सुट्टी संपली की त्यांची मापे घ्यायची आणि मग ते म्हाताऱ्याच्या स्वाधीन करायचे, असा बेत ठरला होता.

परंतु दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी येते.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करावी, हा आपल्याकडील रिवाज आकाराम अठ्ठावीस वर्षे निष्ठेने पाळीत आला होता. त्या दिवशी तो म्हाताऱ्याला पुसून लख्ख करी, झेंडूची माळ घाली, पाने-करवत्या, हातोडे, मोजपट्ट्या पाटावर मांडी आणि नारळ वाढवी. सिमेंटचे ठोकळे त्याने कधी पूजेत ठेवले नव्हते, कारण त्यांच्याविषयी त्याच्या मनात कोणताही भाव उत्पन्न होत नसे. बांबूची गोष्ट वेगळी. ज्याची गुढी उभारतात, जो लग्नाचा मांडव पेलतो, तो बांबू प्रथमच या वास्तूत आलेला. त्याला कोपऱ्यात पडू द्यावे हे त्याच्या मनाला पटेना. मात्र काळे आकडे माखलेली वस्तू देवासमोर कशी ठेवावी? आकडे किती मोलाचे आहेत हे त्याला पूर्णपणे ठाऊक होते. म्हणून त्याने अत्यंत दक्षतेने प्रत्येक आकड्याची एकेक चिठ्ठी लिहिली, स्पिरिटच्या बोळ्याने तुकडा निर्मळ केला आणि ती चिठ्ठी त्याच तुकड्यावर ठेवून वर एक झेंडूचे फूल दाबले. नंतर जाड तुकडे खाली आणि बारीक वर, अशी त्याने देखणी उतरंड रचली. पूजा आटोपली की आकडे पुन्हा घालायचे, एवढेच काय ते काम उरणार होते.

धूप मात्र बेताबाहेर झाला. खोली धुराने कोंदली, आकारामाचे डोळे चुरचुरू लागले, आणि अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने त्याचा हात भिंतीवरील मोठ्या पंख्याच्या बटणाकडे गेला.

छत्तीस चिठ्ठ्या लग्नातल्या अक्षतांसारख्या उडाल्या. काही फुलांसह निरांजनात पडल्या, काही म्हाताऱ्याच्या पोटाखाली गेल्या. आकारामाने गुडघ्यांवर रांगून एकोणतीस चिठ्ठ्या गोळा केल्या. पण त्या मुठीत धरून उतरंडीकडे पाहताच त्याच्या ध्यानात आले की आता त्या छत्तीस असत्या काय आणि एक असती काय, सारखेच. कोणती चिठ्ठी कोणत्या तुकड्याची, हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

दसऱ्याचे सोने त्याने वाटले खरे, पण त्याच्या तोंडाला चव नव्हती. प्रयोगशाळा उघडली त्या दिवशी मॅडम येताच त्याने त्यांना स्टूल पुढे केले.

"मॅडम, एक सांगायचं हाय. बसून ऐका."

"काय झालं मामा?"

"तुमच्या छत्तीस पोरांची नावं मी पुसली."

"म्हणजे?"

"म्हंजे आकडं. पूजेला ठेवायचं म्हणून स्पिरिटनं पुसलं. चिठ्ठ्या केलत्या की सगळ्यांच्या. पण फॅन लावला."

"फॅन कुणी लावला?"

"मीच. धूप लई झालता."

मॅडमनी उतरंडीकडे पाहिले. एक तुकडा उचलून फिरवला, दुसरा उचलला, आणि दोन्ही परत ठेवले. "एवढा धूप कशाला घालायचा मामा?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले.

"म्हाताऱ्याला आवडतोय," आकाराम म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून त्याने मान खाली घातली.

मॅडमचे मार्गदर्शक धैर्यशील खराडे सर थोड्याच वेळात आले. त्यांनी सर्व वृत्तांत ऐकून घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नवीन तुकडे कापा."

"वाळायला तीन महिने लागतील सर. शोधनिबंध पंधरा दिवसांत पाठवायचाय, आणि माझी रजा डिसेंबरला संपते. पुढची रजा मिळणार नाही."

"मग हे छत्तीस आता जळण," सर म्हणाले. ते रागावले असते तर आकारामाला बरे वाटले असते. त्यांनी पाठीवर हात ठेवला, तो त्याला शंभर टनांसारखा वाटला. मॅडमचे वर्ष आपल्या हातून वाया जाणार, या एकाच विचाराने त्या दुपारी त्याचा डबा उघडलाच गेला नाही.

डबा समोर ठेवून बसला असता त्याला एकाएकी गंगावेशीतल्या नबीलालचाचांची आठवण झाली. नबीलाल हे शिड्या करणारे कारागीर. प्रयोगशाळेची शिडी त्यांच्याचकडून आणलेली. ती घेतेवेळी आकारामाने पाहिले होते की, चाचा बोलता बोलता बांबूवर लोखंडी कांब आपटतात, कान देतात आणि दिसायला सरळसोट असलेला बांबू निर्विकारपणे बाजूला टाकतात. सुट्टी होताच त्याने सायकल काढली.

वखारीत चाचा पायऱ्या ठोकत बसले होते. वय सत्तरीच्या घरात, दाढी मेंदीने लाल झालेली, जीभ मात्र तरुण.

"कोन? आकाराम? शिडी मोडली काय?"

"शिडी धडधाकट हाय चाचा. मीच मोडलोय."

"मग ये, बस. तुला ठोकून बघतो."

आकारामाने आरंभापासून अखेरपर्यंत सारे कथन केले. पंख्याचा प्रसंग येताच चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"म्हंजे शंभर टनाचं मशीन तुझ्या पदरी, आन् इचाराय आलायस मला?"

"मशीन मोडून सांगतंय. तुम्ही न मोडता सांगताय."

या उत्तराने चाचांना मनातून आनंद झाला असावा. तसे त्यांनी दाखवले नाही. "उद्या जुम्मा हाय," ते म्हणाले. "नमाज झाली की येतो. सायकलवर न्हाई बसनार हां. माझी हाडं पन आता जून झाल्यात."

दुसऱ्या दिवशी आकारामाने मेव्हण्याची मोटारसायकल मागून आणली आणि चाचांना सन्मानाने प्रयोगशाळेत आणले. चाचांनी म्हाताऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले, मग मॅडमकडे वळले.

"पावणं कुठलं?"

"कोडोलीची मी."

"कोडोलीत माझ्या धा शिड्या हायत. एकीवरनं बी कोन पडल्यालं न्हाई. एक पडला, पन त्यो आदीच पडायच्या बेतात घरनं निघालता."

मॅडम दोन दिवसांत प्रथमच हसल्या. हे शास्त्र नव्हे, हे त्या जाणून होत्या. पण पाहायला काय हरकत आहे, अशा भावनेने त्यांनी पोते अंथरून दिले. चाचा मांडी घालून बसले आणि एकेक तुकडा हाती घेऊ लागले. प्रथम तळहातावर तोलायचा, मग कापलेल्या तोंडावर नख ओढायचे, हुंगायचे, आणि शेवटी दोन बोटांत लोंबता धरून त्यावर कांबीचा टोला द्यायचा. कोवळ्या तुकड्याचा आवाज ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा येई. त्याहून पोक्त असलेला ठक् असा बोले. आणि जो पूर्ण पिकलेला असे, तो देवळातील लहान घंटेप्रमाणे क्षणभर वाजतच राही. आकाराम श्वास रोखून ऐकत होता. अठ्ठावीस वर्षे त्याने वस्तूंचे केवळ मरतानाचे आवाज ऐकले होते. त्या जिवंतपणीही काही सांगत असतात, याचा त्याला पत्ताच नव्हता.

दोन कप चहा आणि सव्वा तास एवढ्या अवधीत तीन ढीग झाले. "हे कवळं, हे अदमुरं, आन् हे जून," चाचांनी जाहीर केले.

मॅडमनी ढीग मोजले आणि त्यांचा चेहरा उतरला. कोवळे चौदा, अदमुरे बारा, जून दहा.

"चाचा, प्रत्येक वयाचे बारा तुकडे आहेत. बारा-बाराच यायला हवेत."

"वय मला कुटं इचारलंत? मी वय सांगत न्हाई बाई. कवळं का जून, एवढंच सांगतो."

"दोन्ही एकच ना?"

"एक कसं? आमच्या गल्लीत एकजन साठ वर्साचा हाय आन् अजून पतंगासाठी पोरांसंगं भांडतोय. आन् माझी नात मेहक, आट वर्साची, त्यी मला गोळ्यांच्या येळा सांगती. आता ह्यात कवळं कोन आन् जून कोन?"

आकाराम चाचांच्या कानाशी वाकला. "चाचा, चौदातलं दोन तिकडं सरकवा की. बारा-बारा झालं की मॅडमचं काम हुईल."

"सरकवतो," चाचा मोठ्याने म्हणाले, "पन मग त्याची शिडी करून तू वर चढायचं. चढतोस?"

आकाराम मागे सरकला. मॅडम आता ढिगांकडे पाहत नव्हत्या, यंत्राकडे पाहत होत्या. मग त्या उठल्या आणि खराडे सरांना बोलावून घेऊन आल्या.

"सर, कुठला तुकडा किती वर्षांचा, हे मला माहीत नाही. तुम्हाला नाही, मामांना नाही, चाचांनाही नाही. म्हणजे कुणाच्या मनात आधीपासून काही ठरलेलं नाही. आपण मुद्दाम ठरवून एवढा निष्पक्ष प्रयोग केला असता का?"

"पण वय कळणार नाही, मग सिद्ध काय करणार?"

"वय सोडून देऊ. चाचांचे ढीग खरे की खोटे, ते बघू. खेडेगावात घर बांधणाऱ्याजवळ शंभर टनाचं यंत्र नसतं सर. चाचांचा कान खरा ठरला, तर तो तिथं उपयोगी पडेल. आणि नाही ठरला, तर जळण आहेच."

सरांनी चष्मा पुसला. तो अगोदरच स्वच्छ होता. "यादी मी करतो," ते म्हणाले. "आणि कुलूपही माझं. मॅडम, तुम्ही आज घरी जा. मामा, तुम्ही जरा बाहेर थांबा."

आपल्याच प्रयोगशाळेतून बाहेर काढले जाण्याचा प्रसंग आकारामावर आयुष्यात प्रथमच आला. आत सरांनी ढीग मोडून तुकड्यांवर एक ते छत्तीस असे नवे आकडे वाटेल तसे घातले, कोणता आकडा चाचांच्या कोणत्या ढिगातला याची यादी केली आणि ती आपल्या कपाटात बंद केली. बाहेर चाचांनी बाकावर बसून आकारामाला विचारले, "पन माझं चुकलं तर रं?"

"चुकलं तर मॅडमचं वरीस गेलं. आन् माझ्यामुळं गेलं."

"मग चुकनार न्हाई," चाचा म्हणाले; परंतु विडी त्यांनी उलट्या टोकाने पेटवली.

शनिवारी आणि रविवारी मॅडमनी प्रत्येक तुकड्याचा व्यास आणि जाडी मोजली. सोमवारी सकाळी पहिला तुकडा म्हाताऱ्याच्या जबड्यात बसला. आकारामाने चकती हळूहळू फिरवली. काटा सरकू लागला, थांबला, कडाड् असा आवाज झाला आणि मॅडमनी आकडा लिहून घेतला. असे छत्तीस वेळा, दोन दिवस चालले. काही तुकडे तीन टनांच्या आसपासच मिटले, तर काहींनी सहा टन पेलले. सहा टन म्हणजे उसाने भरलेली एक ट्रॉली. आणि ती पेलणारा तुकडा तर वाटीएवढा. प्रत्येक तुकड्याची जाडी वेगळी असल्याने खरे बळ भागाकार केल्याखेरीज कळणार नव्हते. तो भागाकार मॅडम करीत, आणि आकारामाला काही विचारण्याची मुभा नव्हती. कोणता तुकडा कोणत्या ढिगातला, हे ओळखण्याचा त्याने मनोमन खूप प्रयत्न केला. चकतीवरील हात मात्र त्याने प्रत्येकासाठी सारखाच ठेवला. इतक्या निःपक्षपाताने त्याने यापूर्वी कधी चकती फिरवली नव्हती, आणि इतक्या पक्षपाताने कधी मनात प्रार्थनाही केली नव्हती.

मंगळवारी दुपारी शेवटचा तुकडा मोडला, तोच दारात नबीलालचाचा उभे. या वेळी ते बसने आले होते. "हिकडं एक गिऱ्हाईक होतं," त्यांनी न विचारताच सांगितले. गिऱ्हाईक कुठे दिसले नाही.

सरांनी कपाट उघडून यादी आणली. मॅडमनी फळ्यावर तीन रकाने आखले. सर आकडा वाचत, मॅडम त्यापुढचे बळ, म्हणजे भागाकाराचे उत्तर, योग्य त्या रकान्यात लिहीत. कोवळ्यांच्या रकान्यात सव्वीस, अठ्ठावीस, तीस. अदमुऱ्यांच्या रकान्यात चाळीस, त्रेचाळीस. जून पन्नाशीच्या पुढे. चौदाच्या चौदा कोवळे बत्तिशीच्या आत राहिले. दहाच्या दहा जून बावन्नच्या वर गेले. आकारामाला भागाकार येत नसला, तरी रकाने समजत होते. फक्त अदमुऱ्यांत एक पाहुणा आला, सत्तावीस.

चाचांनी त्या मोडक्या तुकड्याची मागणी केली. तो उजेडात धरून त्यांनी फट रुंद केली. "आत किड्यानं घर केलंय. ठक् म्हनलं, पन जरा बसक्या आवाजात म्हनलं हुतं. मी त्या टायमाला चहा पीत हुतो. माझी चूक. लिव्हा."

"छत्तिसात पस्तीस," सर म्हणाले, आणि खुर्चीवर बसले. "आणि एक गोष्ट बघा. आपण एक वर्षाचे बारा आणले होते. हा किडका सोडला, तरी कोवळ्यासारखे मोडले चौदा. म्हणजे किमान दोन तुकडे वयानं मोठे होते आणि तरी कच्चे होते. रंगाच्या पट्ट्यावर विसंबून खांब उभे केले असते, तर ते दोन खांब आपण पक्के म्हणून वापरले असते."

"त्येच तर मी म्हनत हुतो," चाचा म्हणाले. "त्यो पतंगवाला."

मॅडमनी खडू खाली ठेवला. त्यांचा हात, नाक आणि पदर सारे पांढरे झाले होते. "चाचा, कोवळ्या आणि जून बांबूचा आवाज कसा असतो, ते मला शिकवाल का? मी तो रेकॉर्ड करून घेते. तुमचं नाव निबंधात माझ्या नावाशेजारी येईल."

"नाव घाला. पन खाली लिव्हा, शिड्या मिळतील म्हनून."

त्या दिवशी आकारामाने डबा उघडला तो चार वाजता, आणि चाचांना अर्धी भाकरी देऊन उरलेली सगळी खाल्ली.

निबंध मुदतीच्या दोन दिवस आधी तयार झाला. तो इंग्रजीत होता. म्हणून मॅडमनी आकारामाला समोर बसवून त्यातील त्याच्यापुरता भाग मराठीत सांगितला. "सरांचं म्हणणं, 'खुणा चाचणीपूर्वी काढून टाकण्यात आल्या होत्या' एवढंच लिहावं. ऐकायला भारदस्त वाटतं. पण ते ठरवून केल्यासारखं होतंय, आणि आपण ठरवून केलं नव्हतं. म्हणून मी असं लिहिलंय, की हत्यारांच्या वार्षिक पूजेच्या वेळी प्रयोगशाळेच्या परिचराकडून खुणा अनवधानानं पुसल्या गेल्या. चालेल ना मामा? तुमचं नाव घातलेलं नाही."

आकारामाने 'अनवधानानं' हा शब्द स्वतःशी म्हणून पाहिला.

"नाव घाला मॅडम, माझी काय हरकत न्हाई. पण अनवधानानं म्हनू नका. पुसलं ते मी चांगलं ध्यान देऊन पुसलं. एकेक तुकडा दोनदा. अनवधान झालं ते फॅनचं."

मॅडमनी ते वाक्य खोडले आणि नव्याने लिहिले: खुणा काळजीपूर्वक पुसण्यात आल्या होत्या, त्यांच्या चिठ्ठ्या पंख्याने उडाल्या. आकारामाने ते वाक्य दोनदा वाचून घेतले, मान डोलावली, आणि म्हाताऱ्याच्या जबड्यात अडकलेली बांबूची शेवटची ढलपी काढायला तो उठला.